वाद्यांच्या धंद्याची पाहणी करायची तर कारागिराच्या दारात जा

संपादक महोदय,

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे, पण त्यानंतर या धंद्याची म्हणजे वाद्यं बनवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे आणि सोबत माइक-ॲम्प्लिफायर-स्पीकरवाले या सगळ्यांची एक नीट पाहणी झाली पाहिजे असं मला फार वाटतं. आणि ती नोंदणीची यादी काढून फोन फिरवून होणार नाही.

कारण बघा, उद्योगांच्या २००८ च्या सरकारी वर्गवारीत वाद्य बनवणं ३२२० मध्ये, स्पीकर-ॲम्प्लिफायर बनवणं २६४० मध्ये, दुकानातली विक्री ४७५९ मध्ये आणि वाद्यदुरुस्ती तर घरगुती वस्तूंच्या किरकोळ दुरुस्तीत, ९५२९ मध्ये. आता आपल्याकडचा एखादा दुकानदार पेटीचे सूर लावून देतो, तबल्याला पुडी चढवतो, माइक विकतो आणि सणासुदीला साऊंड भाड्याने पण देतो, त्याने कुठल्या रकान्यात बसायचं? फॉर्मवर मुख्य व्यवसाय एकच लिहायचा म्हटलं की तो विक्री लिहिणार आणि ज्या दुरुस्तीवर वर्षभर घर चालतं ती कागदावर येणारच नाही.

मिरजेत तर अजून अवघड. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून, तो कापून, भिजवून, आकार देऊन दांडीला जोडायचा, मग नक्षी, पॉलिश, तारा, आणि शेवटी तारांखालची घोडी घासून जवारी म्हणजे तारेचा गुंजणारा सूर काढायचा, ही कामं बऱ्याचदा वेगवेगळे हात वेगवेगळ्या घरांत करतात. नुसते नोंदणीकृत कारखाने मोजले तर यातलं फारसं कोणी सापडणार नाही, छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी २०२० पासून आहे पण घरात बसून काम करणाऱ्या प्रत्येकाने ती केली असेल असं धरून चालता येत नाही. भोपळ्याचा शेतकरी पण यात धरा, अवकाळी पावसात भोपळा सडला तर इकडे तंबोरा थांबतो.

नुसती उलाढाल विचारून उठू नका. घरातलं कोण शिकतंय ते विचारा, जवारी काढणारे किती उरलेत ते विचारा, कारण ते काम कानाचं आहे. दुकानदार पैसे किती महिन्यांनी देतो तेही विचारा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला आणि आता तर तो मोबाईलवर आलाय, त्याने ऑर्डरवर काय परिणाम झाला हे खुद्द कारागिरांच्या तोंडून ऐकायला हवं, उगाच कोणी अंदाज बांधू नये.

अजून एक, गणपतीच्या आधीच्या दिवसांत ढोलकी-तबलावाल्याकडे किंवा साऊंडवाल्याकडे फॉर्म घेऊन जाऊ नका प्लीज, त्याला मान वर करायला फुरसत नसते, पितृपक्षात गेलात तर बसून बोलेल. आणि ही माहिती टॅक्ससाठी नाही हे पहिल्या वाक्यात सांगा, सांख्यिकी कायद्याखालच्या सरकारी पाहणीत दिलेली माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक असतं, तुम्हीही माहिती गुप्त ठेवणार असं लिहिलेला मराठी कागद हातात द्या. नाहीतर माणूस घाबरून निम्मंच सांगणार.

सांगली-मिरजेतल्या एखाद्या कॉलेजने संगीत आणि कॉमर्सची मुलं एकत्र घेऊन एका गल्लीपासून सुरुवात केली तर मी ओळखीच्या कारागिरांशी गाठ घालून द्यायला तयार आहे.

आपला एक वाचक,
सांगली