मनू, पहिले तीन ऑप्शन टाकायच्या आधी एवढं वाच

मनू,

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडचा ऑप्शन फॉर्म लॉक करायच्या आधी हे सगळं नीट वाच. फोनवर बोलायला गेलं की तू "मम्मी मला माहितीये गं" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं, म्हणून टाईप करतेय. ऑफिसात लंच टायमाला सुरू केलंय, एफसीवर, म्हणजे आमच्या फॉर्म तपासायच्या सेंटरवर, गर्दी आहे, मधेच उठावं लागलं तर तुटक वाटेल, समजून घे.

आधी यंदाचा, २०२५ चा नियम. पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला तरच ऑटो फ्रीझ होतं, म्हणजे तीच सीट पक्की धरतात. तुला खालचा लागला म्हणून तू बेटरमेंटला, म्हणजे आणखी वरचं मिळतंय का बघायला गेलीस, ते बरोबरच केलंस. पण आता दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही लागला की तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या राउंडला बाहेर. तिसऱ्या राउंडला पहिले सहा. म्हणजे "टाकून बघू, लागलं तर लागलं" असं म्हणून वरच्या तीनात काहीही भरायचं नाही. आणि पप्पा म्हणत होते की तुझ्या मैत्रिणींनी ग्रुपवर टाकलेली लिस्टच तू जशीच्या तशी भरणार आहेस. ती मी बघितली. वरची तिन्ही पुण्याची प्रायव्हेट कॉलेजं, दोन ठिकाणी कॉम्प्युटर आणि एका ठिकाणी एआय-डीएस, म्हणजे एआय आणि डेटा सायन्स. कऱ्हाडचं गव्हर्नमेंट कॉलेज कुठेय तर बाराव्या नंबरला, ते पण इलेक्ट्रिकल म्हणून बहुतेक दयेपोटी टाकलंय.

तुला ९४ पर्सेंटाइल आहेत. चांगलेच आहेत, आपल्या घरात आजपर्यंत कुणाला पडले नाहीत. पण यंदा पीसीएमची सीईटी चार लाखांवर पोरांनी दिलीय, म्हणजे तुझ्या पुढे सहा टक्के, पंचवीस हजाराच्या आसपास पोरं आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्यांना कॉम्प्युटरच पाहिजे. चांगल्या कॉलेजचं कॉम्प्युटर ती घेणार. मग ९४ ला जे कॉम्प्युटर शिल्लक राहतं ते कुठलं, एवढाच माझा प्रश्न आहे. कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीईने २०२४ पासून जागांची मर्यादा काढली, त्यामुळे ज्यांचं ज्यांचं रेकॉर्ड बरं त्यांनी कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या वाढवल्या, सिव्हिल मेकॅनिकलच्या जागा कमी केल्या, आणि नावं बघ ना, एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी. बोर्ड नवे, शिकवणारे मात्र तेच, नाहीतर गेल्याच वर्षी एमटेक झालेली पोरं. मी याच धंद्यात बसलेय, हे मला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा आता दोन लाखांच्या पुढे गेल्यात. सीट मिळणं हा प्रश्नच राहिलेला नाही गं.

आमच्या वेळी प्रश्न सीटचाच होता. वसंतदादांनी १९८३ ला विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तोपर्यंत सरकारी कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी, सातारा-सांगलीच्या पोरांना कऱ्हाड नाहीतर सांगलीचं वालचंद, नाहीतर बसा बीएस्सी करत. मामाच्या वेळेला फ्री सीट आणि पेमेंट सीट असं होतं, त्याची फ्री सीट थोडक्यात गेली आणि आजोबांनी सोसायटीचं कर्ज काढून पेमेंट सीट घेतली. माझ्या वेळेला घरात तेवढा दमच उरला नव्हता, मी बीकॉम केलं. त्याचं मला काही नाही.

पण मावशीचं ऐक, कारण तुमच्या कॉम्प्युटरची गर्दी बघितली की मला सारखं डीएड आठवतं. तू लहान होतीस. तेव्हा असं होतं की बारावीला बरे मार्क पडलेली पोरगी दिसली की सगळे म्हणायचे डीएडला घाला, दोन वर्षांत नोकरी पक्की, लग्नालाही बरं. शिक्षणसेवक म्हणून २००० साली तीन हजारावर लागायचे, तीन वर्षं काढली की कायम. लोकांनी ते बघितलं आणि कॉलेजं निघत गेली, तालुक्याच्या गावाला दोन-दोन चार-चार, कुठे मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर सुद्धा. मावशी २०१० ला पास झाली, चांगल्या मार्कांनी. २०१२ ला भरती थांबली. २०१३ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, ती दिली, मग २०१७ ला भरतीचं पवित्र पोर्टल आणि त्याची वेगळी परीक्षा, त्यात थोडक्यात राहिली. आज ती इंग्लिश मीडियमच्या एका शाळेत शिकवते, पगार किती ते तुला माहितीये, सुट्टीत तोही नाही. डीएडची निम्मीशिम्मी कॉलेजं आता बंद पडलीत. शिकवण्यात ती कमी होती का? तुझं गणित कुणी पक्कं केलं ते आठव. वाईट काय झालं, तर सगळी एकाच दारातून आत घुसली आणि आत खोली तेवढीच होती.

कॉम्प्युटरचं अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही. कॉम्प्युटर काही बंद पडणार नाही. पण जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं ना, बारा हजारावर माणसं कमी करणार म्हणून. आणि फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखाच्या आसपास, ते मी या टेबलावर बसल्यापासून तेवढंच ऐकतेय, तेवढ्या काळात पुण्यातलं खोलीभाडं कुठल्या कुठे गेलं. चांगल्या कॉलेजच्या चांगल्या पोरांना अजूनही भरपूर मिळतं, ती पोरं खरोखर तयार असतात. पण कॅम्पसला कंपनीच येत नाही अशा ठिकाणी चार वर्षं काढून, नुसतं डिग्रीवर कॉम्प्युटर लिहिलंय म्हणून कोण विचारणार.

आता त्या पुण्याच्या काऊन्सेलर बाईंचं. तुला रोज फोन करतात त्या. "मॅनेजमेंटमधून सीट ब्लॉक करून ठेवा, आत्ता थोडे भरा, नंतर बघू." अजिबात नाही. ८ जुलै २०२४ चा जीआर मी स्वतः पाठ केलाय, दिवसातून दहा पालकांना सांगावा लागतो. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुली, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत, तर ट्युशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे या सरकारी केंद्रीय प्रवेशातूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही. एका सहीत लाखाचं गणित उलटं होतं आणि लोक फसतात, कारण काऊन्सेलर हे सांगत नाही. आणि माफी म्हणजे सगळंच फुकट असंही नाही, होस्टेल, मेस, पुस्तकं, कॉलेजच्या बाकीच्या फिया आपल्याच.

काल एफसीवर पाटणकडची एक मुलगी आली होती. ९७ पर्सेंटाइल. वरच्या वाडीतली, आई बरोबर होती, वडील वाशीच्या मार्केटला माथाडीत. पोरीने फॉर्म भरताना वडिलांचा मोबाईल नंबर दिलेला आणि काही बदलायचं म्हटलं की ओटीपी जाणार वाशीला, आणि ते तर पाठीवर पोतं घेऊन, फोन कुठेतरी पिशवीत. अडीच तास बसल्या दोघी. नॉन क्रिमी लेयर होतं पण जुन्या तारखेचं, जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीची नुसती पावती, डोमिसाईलवर आडनावात एक काना कमी. सेतूवाल्याने प्रत्येक दाखल्याचे वेगळे घेतलेले. ती पोरगी आमच्याकडे बघत होती, आम्ही स्क्रीनकडे बघत होतो. शेवटी झालं तिचं, आमच्या शिंदे मॅडमनी सातारला फोन बिन करून दिले. पण ती जाताना मला विचारते काय, "मॅडम, कॉम्प्युटरला जाऊ का मेकॅनिकलला, आमच्यात कुणाला विचारायचं तेच कळत नाही." मी काय सांगणार बसल्या जागेवर, मागे रांग. आता फी माफ झाली, फॉर्म मोबाईलवर आला, जागा ढिगाने झाल्या, तरी त्या पोरीला विचारायला माणूस नाही. तिने कुणाची तरी ग्रुपवरची लिस्टच कॉपी केली असणार. तुझ्याकडे विचारायला माणसं आहेत म्हणून मी एवढं लिहितेय.

पप्पांचं म्हणणं ते तुला कधी सांगणार नाहीत. त्यांना वाटतं तुला इलेक्ट्रिकल म्हणजे आपलं मोटर वाइंडिंगचं दुकान वाटतं, वार्निशचा वास, तांब्याची वायर आणि हात काळे. खरं सांग, तसंच वाटतं ना? गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याचा सोलर पंप बंद पडला, त्यांनी आणला दुकानात. पप्पांनी मोटर उघडली, वाइंडिंग चेक केलं, मेगरने बघितलं, मोटर ठणठणीत. खराबी कंट्रोलरमध्ये. तो डबा सीलबंद, आत बोर्ड, पप्पांना त्यातलं काही करता येईना. कंपनीचा इंजिनिअर आला, पंचविशीतला असेल, त्याने केबल लावून लॅपटॉप जोडला, एरर कोड वाचला, काहीतरी सेटिंग बदललं, पॅनलचं व्होल्टेज परत मोजलं आणि पंप चालू. पप्पा त्याच्या मागे उभं राहून सगळं बघत होते, नंतर त्याला चहा पाजला आणि किती शिक्षण म्हणून विचारलं तर बीई इलेक्ट्रिकल. त्या पोराला प्रोग्रॅमिंग पण येत होतं आणि करंट पण कळत होता. घराघरावर सोलर चाललंय, शेतात सोलर पंप, ईव्ही, चार्जिंग, बॅटऱ्या, यात कॉम्प्युटर कुठे संपतं आणि इलेक्ट्रिकल कुठे सुरू होतं ते मला तरी सांगता येत नाही. महावितरण, महापारेषणच्या भरत्या निघतात त्या वेगळ्या, गेटची परीक्षा देऊन पुढे जाता येतं ते वेगळं.

"कोअरमध्ये मुलींना घेत नाहीत" हे तुझं वाक्य. काही ठिकाणी नाही घेत, खोटं कशाला बोलू. नाईट शिफ्ट, साइट, टॉयलेटची सोय नाही, ही कारणं अजून सांगतात. पण सब-स्टेशनला ड्युटीवर पोरी दिसतात आता, आणि महावितरणच्या आपल्या सेक्शनला ज्या इंजिनिअर मॅडम आहेत त्यांना पप्पा कामासाठी भेटतात, वायरमन लोक त्यांचं ऐकतात. तुला नको असेल तर नको म्हण, पण तुला नको म्हणून नको म्हण, मैत्रिणीने सांगितलं म्हणून नको.

आणि पुण्याचं मला कळतंय. आत्याकडे राहतेयस, मेट्रो बघितलीस, आता आपलं उंब्रज बारीक वाटत असेल. घराबाहेर राहावंसं वाटणं यात मी काही चूक धरत नाही, मलाही वाटायचं. त्यासाठी कऱ्हाडला पण होस्टेल आहे, रोज एसटीने ये-जा कर असं मी म्हणणार नाही, पप्पा म्हणतील, त्यांना मी बघते. पण पुण्यात राहायचं म्हणून कॉलेज निवडायचं हा हिशोब बरोबर नाही. पुणे कुठे पळून जात नाही, चार वर्षांनी नोकरीला तिथेच जायचंय बहुतेक.

तर माझी लिस्ट. एक नंबर कऱ्हाड आयटी. लागणार नाही कदाचित, कटऑफ वर असतो, पण तुला कॉम्प्युटरचीच आवड असेल तर गव्हर्नमेंटमधलं ते आहे, आणि वर टाकल्याने नुकसान काही नाही, लागलं तर आनंदाने जा. दोन वालचंद इलेक्ट्रिकल. तीन कऱ्हाड इलेक्ट्रिकल. गेल्या वर्षीचे आकडे बघता आणि मुलींच्या तीस टक्के जागा धरता तीन नंबरचं लागू शकतं, खात्री नाही. चारपासून खाली तुझी पुण्याची कॉलेजं टाक, त्यातही जे एआय-डीएस वालं नवीन आहे ते सगळ्यात खाली, माझी हरकत नाही. हे पटलं नाही तर बदल, पण पहिल्या तीनात असंच नाव टाक जिथे लागलं तर दुसऱ्या दिवशी बॅग भरून जाशील.

आणि खरंच कोडिंग आवडत असेल तर ते इलेक्ट्रिकलला राहून पण करता येतं, रात्री बारापर्यंत मोबाईल बघतेस त्या वेळात.

लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट मला पाठव. कॉलेजचा कोड आणि ब्रँचचा कोड दोन्ही परत बघ, एका आकड्याने दुसऱ्याच कॉलेजला गेलेली पोरं मी बघितलीत. नॉन क्रिमी लेयर आणि व्हॅलिडिटीचं ओरिजिनल निळ्या फाईलमध्ये आहे, फाईल आत्याच्या कपाटात, झेरॉक्स नको देऊस कुणाला. ओटीपी पप्पांच्या नंबरवर येणार, ते दीडला जेवायला घरी येतात आणि फोन दुकानातच चार्जिंगला राहतो, तेव्हा एकच्या आत कर नाहीतर तीननंतर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साईट चालत नाही, उद्याच कर.

तुझी मम्मी