शेरूच्या चट्ट्याबद्दल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कुत्र्याच्या, शेरूच्या कानामागचा गोल चट्टा, गळालेले केस, कडेला कोंडा... वाचताना आमच्या कुत्र्याचे, काळूचे आजारपणाचे दिवस डोळ्यांसमोर आले. हात जोडून सांगतो, घरात असलेलं खाजेचं मलम त्याला लावू नकोस. मी लावलं होतं. त्यात स्टेरॉइड होतं. चार दिवसांत लाली उतरली, मी निर्धास्त झालो आणि बुरशी आपली पसरत राहिली. पंधरवड्यात पाठीवर तीन नवे चट्टे. शिवाय कुत्रं मलम चाटतं, ते पोटात जातं ते वेगळंच.

जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. आमच्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून काळूच्या अंगावर जांभळा दिवा धरला, तेव्हा चट्ट्याच्या कडेचे केस मुळाशी हिरवेगार चमकले. अजून आठवतं ते. मायक्रोस्पोरम कॅनिस ही गजकर्ण करणारी बुरशी बहुतेकदा अशी चमकते; पण गजकर्णाच्या इतर काही बुरशी चमकतच नाहीत. म्हणून काही दिसलं नाही, तरी केस कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, पाठवायला सांग. निकालाला दोन-तीन आठवडेही लागतात, धीर धर.

तू लिहितोस तो आंबूस वास, तेलकट काखा, सारखे पंजे चाटणं हे मात्र गजकर्णासारखं वाटत नाही. तिथे मॅलसेझिया असू शकतं. हे यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही असतं, ॲलर्जीने कातडी बिघडली की माजतं. चिकटपट्टीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला, तर दहा मिनिटं घड्याळ लावून अंगावर राहू दे. आम्ही लगेच धुवायचो, गुण कुठून येणार? आणि मूळ ॲलर्जी सापडेपर्यंत ते उलटत राहतं, हेही मनात धर.

गजकर्ण निघालं तर पोरांना जप. ते माणसांनाही होतं, आमच्या धाकटीच्या दंडावर उठलं होतं. त्याचे बीजाणू गळलेल्या केसांत महिनोन्महिने जिवंत राहतात, तेव्हा शेरूचं अंथरूण वरचेवर धू, केस रोज झाडून उचल. केस उगवले म्हणून गोळ्या थांबवू नकोस. काळूचं अंग केसांनी भरलं होतं, तरी कल्चरमध्ये बुरशी निघाली होती.

बिचाऱ्याला कोपऱ्यात एकटं बांधून मात्र ठेवू नकोस. जवळ बस, हात नंतर साबणाने धू.

नमुना दिलास की लगेच कळव. मी वाट बघतोय.

तुझाच,
काळूचा बाबा