हाताने लिहिलेली नोंदही ग्राह्य धरा

मा. संपादक, स. न. वि. वि.

नर्मदा परिक्रमेत वाटेतल्या आश्रमांचे, ग्रामपंचायतींचे शिक्के वहीत घ्यायचे असतात. पायी चालल्याचा तो पुरावा. हल्ली काही जण गाडीतून उतरतात, शिक्का मारून घेतात आणि पाणीही न पिता निघतात. चुलीवरचा स्वयंपाक सोडून शिक्का शोधायला उठणाऱ्या सेवेकऱ्यांचे मला फार वाईट वाटते. वाहनाने परिक्रमा जरूर करावी, पण वहीत तशी नोंद असावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलपट्ट्यात, एका घराने आम्हाला मक्याची भाकरी, डाळ आणि झोपायला ओसरी दिली. त्यांच्याकडे शिक्का कुठून असणार? शाळकरी नातीने माझ्या वहीत गावाचे नाव आणि तारीख लिहिली. आजोबांनी पेनाची शाई लावून अंगठा उमटवला. पुढे एका ठिकाणी वही तपासणाऱ्याने ते पान ‘चालणार नाही’ म्हणून उलटले. १,३१२ किलोमीटरच्या या नदीकाठी परिक्रमावासी जगतो तो अशाच घरांच्या सदावर्तावर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या शिध्या-जेवणावर. प्रमाणपत्र देणाऱ्यांनी या नोंदी शिक्क्याइतक्याच ग्राह्य धराव्यात.

नव्याने निघणाऱ्यांनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी; नर्मदा समुद्राला मिळते तिथे, गुजरातमधल्या विमलेश्वरहून नावेने समुद्र ओलांडताना पाणी उडते.

– एक परिक्रमावासी, नाशिक