मतपत्रिकेतली रांग

एडिसन, न्यू जर्सी
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘तुमच्याकडे राज्यपालपदासाठी एवढा गदारोळ कशाला?’ हा तुझा प्रश्न वाचून हसू आले, पण तो रास्त आहे. आपल्याकडचा राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो, तर इथला गव्हर्नर थेट मतांनी निवडून येतो आणि कामाच्या दृष्टीने तो मुख्यमंत्रीच असतो. त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर विशेष बलवान, कारण इथले महाधिवक्ते आणि राज्याचे न्यायाधीश तोच नेमतो. लागोपाठ दोनच कार्यकाळ मिळत असल्यामुळे मावळते गव्हर्नर फिल मर्फी यांना पुन्हा उभे राहता येणार नव्हते. खुर्ची मोकळी होणार हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यामुळे दोन्ही पक्षांत उमेदवारीसाठीच झुंबड उडाली.

ही उमेदवारी कोणी हायकमांड वाटत नाही. पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकीत उमेदवार ठरवतात. निदान पुस्तकात तरी तसे लिहिलेले आहे. मी इथला नागरिक झालो त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी या प्राथमिक फेरीकडे मी कधी गांभीर्याने पाहिले नव्हते, आणि त्याचे कारण घरी येणाऱ्या नमुना मतपत्रिकेत दडलेले होते. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांमध्ये, पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी पसंत केलेले सगळे उमेदवार, अगदी वरच्या पदापासून खालच्यापर्यंत, एकाच सरळ रांगेत छापले जात, आणि बाकीच्यांना कुठेतरी दूरच्या कोपऱ्यात टाकले जाई. ही ‘काउंटी लाइन’. तू इतक्या निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेस. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम, हा आपला शिरस्ता तुला तोंडपाठ असेल. इथे मात्र कागदाची मांडणीच पुढाऱ्यांच्या हाती होती.

२०२४ मध्ये अमेरिकी सिनेटची उमेदवारी मागणाऱ्या अँडी किम यांनी या रांगेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि मार्चमध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक पक्षापुरती तिला मनाई केली. पुढे कायदाच बदलला. त्यामुळे यंदा १० जूनला एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने, माझ्यासमोर आले. डेमोक्रॅटिक बाजूला सहा जण होते: खासदार मिकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, न्यूअर्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. हे स्वीनी २०२१ मध्ये एका ट्रकचालकाकडून हरले होते. पुढाऱ्यांच्या रांगेची पुण्याई किती पुरते ते बघ! बराकांना मे महिन्यात न्यूअर्कमधल्या स्थलांतरितांच्या स्थानबद्धता केंद्राबाहेर अटक झाली आणि काही दिवसांतच तो आरोप मागेही घेतला गेला. एरवी राजकारणावर न बोलणारी आमची मंडळीही त्या आठवड्यात इथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर चहा घेताना त्यावरच बोलत होती.

शेरिल सुमारे ३४ टक्के मतांनी जिंकल्या. म्हणजे तिघांपैकी दोघांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले. रांग गेली म्हणून पुढारी हरले असे मी म्हणणार नाही, कारण अनेक काउंटी समित्यांचा पाठिंबा शेरिल यांना होता. पण यंदा तो पाठिंबा मतदारापर्यंत पोहोचवावा लागला, कागदावर आयता छापून मिळाला नाही. रिपब्लिकन बाजूला लढत फारशी उरलीच नाही. जॅक चिट्टरेली यांना ट्रम्प यांचा आशीर्वाद मिळाला आणि रेडिओवरचे बिल स्पेडिया व ट्रम्प यांच्यावर टीका करणारे जॉन ब्रॅमनिक मागे पडले. चिट्टरेली यांना दोनतृतीयांशांहून अधिक मते मिळाली.

पुढची लढाई विजेच्या बिलावर गाजली. १ जूनपासून दर १७ ते २० टक्क्यांनी वाढले होते, आणि दर गोठवू असे शेरिल सांगत राहिल्या. २०२१ मध्ये अवघ्या तीनेक टक्क्यांनी हरून मर्फींना घाबरवणारे चिट्टरेली या वेळी निसटता पराभव तरी पत्करतील असे मला वाटले होते. ४ नोव्हेंबरला शेरिल यांना जवळजवळ ५७ टक्के मते मिळाली आणि माझा अंदाज सपशेल चुकला. इथे एकाच पक्षाने सलग तिसऱ्यांदा हे पद जिंकण्याची गोष्ट १९६१ नंतर पहिल्यांदाच घडली. दर गोठवणे गव्हर्नरच्या हातात खरोखर किती आहे, याबद्दल मला शंका आहे. जानेवारीत शपथविधी झाला की माझे बिल पाहून कळवीन.

सोबत दोन नमुना मतपत्रिका पाठवतो आहे, एक २०२१ ची आणि एक यंदाची. मी खूण केलेली नाही. आधी जुनी उघड आणि तुझ्या केंद्राध्यक्षाच्या नजरेने सांग, शेवटच्या कोपऱ्यातला माणूस शोधायला तुला किती वेळ लागला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल