जुन्या टीव्हीचा भाव बिलातून निघत नाही

संपादक महोदय,

सणासुदीत वापरलेले टीव्ही, फोन, लॅपटॉप यांच्या जाहिराती वाढतात आणि त्यातले बरेचसे भाव वाचून हसू येते. दोन वर्षे घरात वापरलेली वस्तू आणि दुकानातली कोरी वस्तू यांत दोन-चार हजारांचाच फरक! विकणारा लबाड असतोच असे नाही. तो बिल समोर ठेवून भाव काढतो, आणि घोळ तिथेच होतो.

टीव्हीचेच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून ५०,००० रुपयांचा टीव्ही आदल्या दिवशी ६४,००० ला पडत होता, तो ५९,००० वर आला. कंपनीने पदरचा रुपयाही सोडला नाही, पण घरोघरी भिंतीवर टांगलेल्या तशाच टीव्हीचे पाच हजार एका रात्रीत उतरले. ज्याच्या कपाटात ६४,००० चे बिल आहे तो मात्र ‘दीड वर्षच वापरलाय, दहा हजार कमी करतो’ म्हणत ५४,००० वर अडून बसतो. त्याच्या लेखी ही दहा हजारांची सूट. घेणाऱ्याला दिसतात पाचच हजार, तेही वॉरंटी संपलेल्या पॅनेलवर, म्हणजे पडद्यावर. पॅनेलवर उभी रेघ उमटली की दुरुस्ती नव्या टीव्हीच्या निम्म्या किमतीपुढे जाते. मूळ खोके टाकून दिलेले असेल आणि टीव्ही टेम्पोत आडवा घालून नेला, तर ती रेघ वाटेतच उमटू शकते.

फोनचे तर वेळापत्रकच ठरलेले. आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्ये ७९,९०० ला आला. वर्षभराने आयफोन १६ आला तसा तो कंपनीनेच ६९,९०० वर आणला. सणाच्या सेलमध्ये आणि कार्डाच्या सवलतीत आणखी खाली. अशा वेळी ‘बॅटरीची क्षमता ८८ टक्के उरलीय, एकही ओरखडा नाही’ म्हणून ६२,००० मागणाऱ्याला गिऱ्हाईक कसे मिळणार? कव्हर आणि काचेचे पैसेही तो धरतो. त्यांची किंमत बाजारात शून्य.

हा गैरसमज पक्का करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, इतरांच्या जाहिराती पाहून भाव ठरवणे. वाजवी भावाची वस्तू दोन दिवसांत जाते आणि तिची जाहिरात उतरते. महिनोन्महिने दिसत राहतात त्या न खपलेल्या. म्हणजे पाहणारा नेमका न मिळालेला भाव प्रमाण मानतो. दुसरी, एक्स्चेंज बोनस. दुकानदार जुन्या फोनचे १८,००० ‘देतो’, तेव्हा त्यातले पाच-सात हजार नव्या फोनवरची सूटच असते. नवा फोन न घेता तोच जुना फोन विकायला जा, मग खरा आकडा कळतो.

लॅपटॉपमध्ये आणखी एक मेख आहे. जाहिरातीत प्रोसेसरचे नाव नुसते ‘आयफाइव्ह’ लिहितात, त्याची पिढी लिहीत नाहीत. प्रोसेसरचा क्रमांक ७२०० असेल तर तो सातव्या पिढीचा, ८२५० असेल तर आठव्या. विंडोज १० ला कंपनीचे नियमित अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. या एका आकड्याने भाव पडतो, मग २०१७ चे बिल कितीचेही असो. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहावी. साठ टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च सरळ वजा करावा.

माझा ठोकताळा असा : आज तीच किंवा तिच्या तोडीची नवी वस्तू सवलती धरून प्रत्यक्ष कितीला मिळते, तिथून सुरुवात. वरच्या टीव्हीला सेलमध्ये ५४,००० पडत असतील, तर वॉरंटी नाही म्हणून पाव भाग वजा, राहिले ४०,५००. त्यातून वाहतूक आणि भिंतीवर बसवण्याचा खर्च काढला की ३८,००० च्या आसपास सौदा होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा व्यापारी याहूनही कमी देईल, कारण त्याला त्यात नफा काढायचा असतो आणि पडून राहिलेला माल दर महिन्याला उतरतो हे त्याला पाठ असते. गंमत म्हणजे २०२५ च्या अखेरीस रॅमचे (संगणकाच्या मेमरीचे) भाव चढले, तेव्हा जुनी रॅम विकणाऱ्यांनी आठवड्यात भाव वाढवले. तेव्हा कुणी बिल पाहिले नाही.

फोन घेणाऱ्याने भावाआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहावा आणि इंग्रजीत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथेच कळते.

आपल्या छोट्या जाहिरातींत वापरलेल्या वस्तूचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि खरेदीचा महिना-वर्ष छापणे बंधनकारक करावे, ही विनंती. तेवढ्यावरून वाचक आजचा नवा भाव स्वतः शोधू शकेल.

– एक वाचक, पुणे