हशासाठी सोडलेली जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाटकावरून केलेला प्रेमविनोदी सिनेमा लागला, की परीक्षणांत एक वाक्य हमखास येतं: ‘सिनेमा नाटकासारखा वाटतो.’ आणि बोट दाखवलं जातं एकाच दिवाणखान्याकडे. पुढचा दिग्दर्शक त्याचा धसका घेतो आणि जोडप्याला उचलून सिंहगडावर नाहीतर खडकवासल्याच्या काठावर नेऊन बसवतो. भांडण तेच, संवाद तेच, फक्त मागे पाणी. बिचाऱ्या खोलीचा यात काही दोष नसतो. बहुतेक वेळा गडबड असते ती हशासाठी सोडलेल्या जागेत.

बालगंधर्व रंगमंदिरात किंवा भरत नाट्य मंदिरात विनोदी वाक्य लागलं, की नट थांबतो. हशा चढू देतो आणि तो ओसरायला लागताच पुढचं वाक्य उचलतो. ऐन भरात उचललं तर ते वाक्य बुडतं, हशा पार विरल्यावर उचललं तर प्रवेश ढेपाळतो. एका हशाला चार सेकंद आणि दोन अंकांत शंभर हशे धरले, तर साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ नुसता थांबण्यात जातो. संहिता तशीच्या तशी उचलली की ही सगळी मिनिटं कॅमेऱ्यापुढे रिकामी पडतात. घरी मोबाइलवर एकटं बघणाऱ्याला तर नट कशासाठी थांबलाय हेच कळत नाही. मग ती पोकळी भरायला पार्श्वसंगीतात ‘टुंग’ वाजतं, आणि उरलासुरला विनोदही जातो.

यावर उपाय चित्रीकरणाआधीच करायला हवा. प्रयोगाची संहिता घेऊन हशाच्या प्रत्येक जागेवर पेन्सिलीने खूण करावी. त्या जागी एकतर पुढचं वाक्य आधीच्या वाक्यावर चढवावं, नाहीतर ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवावा. वाक्यं चढवायची तर त्यांची सुरुवात आणि शेवट बिनमहत्त्वाच्या शब्दांचे ठेवावेत: ‘अगं पण मी काय म्हणतो...’, ‘...म्हणजे बघ ना’. आवाज एकमेकांत मिसळले, थिएटरात हशा झाला, तरी मधला अर्थ वाचतो. हॉलिवूडचे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी ‘हिज गर्ल फ्रायडे’मध्ये (1940) नेमकं हेच केलं. मूळ नाटक ‘द फ्रंट पेज’ 1928 चं, संपादक आणि बातमीदार या दोन पुरुषांचं. हॉक्सनी बातमीदाराची बाई केली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको, आणि वृत्तपत्रीय विनोदाची प्रेमकथा झाली. सिनेमाचा मोठा भाग पत्रकारांच्या एका खोलीत घडतो. तरी कुणाला कोंडल्यासारखं होत नाही.

दुसरी चूक म्हणजे रंगमंचावर न दिसणारं सगळं दाखवून टाकणं. नायिका फोनवर आईशी बोलते आहे, आपल्याला फक्त तिचं ‘हो... नाही गं... कोण? तो?’ ऐकू येतं. पलीकडचं वाक्य प्रेक्षक मनात रचतो, म्हणून हसतो. सिनेमात पडदा दुभंगून आई दाखवली की तेच काम फुकट जातं. अमेरिकी नाटककार नील सायमन यांच्या ‘बेअरफूट इन द पार्क’ (1963) या नाटकात नवविवाहितांचं घर पाच जिने वर, लिफ्ट नाही. रंगमंचावर ते पाच जिने दिसत नाहीत, दारातून आत येणारे बहुतेक जण धापा टाकत येतात. 1967 च्या सिनेमाची पटकथाही सायमन यांचीच. त्यात जिने दिसतात, पण हशा पिकतो तो दाराशी पोहोचलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही तेव्हाच. दार हे विनोदी नाटकाचं अर्धं यंत्र असतं. बाहेरच्या दृश्यांच्या हौसेपायी ते काढलं, तर अवेळी येणारा पाहुणा येणार कुठून?

नटांचं काम तर आणखी अवघड. ‘टाइम प्लीज’ (2013) हा ‘नवा गडी नवं राज्य’ या नाटकावरचा सिनेमा, आणि उमेश कामत, प्रिया बापट ही जोडी दोन्हीकडे. प्रयोगामागून प्रयोग केले, की थांबण्याच्या जागा अंगात मुरतात, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायची सवय होते. म्हणून सिनेमाआधी वेगळी तालीम लागते: प्रेक्षकांशिवाय, लहान खोलीत, समोरच्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

मध्यंतराचंही तसंच. चहा-वडा खाऊन परतलेल्यांसाठी दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नाटककार दोन-चार वाक्यांत उजळणी घालतो. सिनेमात ती सरळ कापावी.

आपल्या परीक्षकांना विनंती, की ‘नाटकासारखा’ लिहिताना नेमकं काय खटकलं ते सांगावं: थांबे, आवाज की उजळणी. आणि परीक्षणाच्या चौकटीत दिग्दर्शक-कलाकारांसोबत मूळ नाटक आणि नाटककार यांचं नावही छापावं. सध्या बऱ्याचदा ते राहून जातं.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक,
सदाशिव पेठ, पुणे