गुडघ्याला गुण दिले कोणी?

संपादक महोदय,

गुडघेरोपण केलेले रुग्ण ‘अत्यंत समाधानी’ असल्याची कालची बातमी वाचली. शेजारीच त्याच रुग्णालयाची पाव पान जाहिरातही पाहिली. योगायोगच असणार.

बातमीत सरासरी गुण दिलेत, पण कितीपैकी ते नाही. ऑक्सफर्ड नी स्कोअर, म्हणजे गुडघ्याच्या दुखण्या-वापराबद्दलच्या १२ प्रश्नांचे गुण, आज ४८ पैकी मोजतात, जास्त तितकं चांगलं. १९९८ साली ही प्रश्नावली आली तेव्हा उलटं होतं, १२ म्हणजे उत्तम आणि ६० म्हणजे सगळ्यात वाईट. शिवाय ऑपरेशनआधी गुण किती होते? १२ वरून ३६ वर आलेला आणि ३३ वरून ३६ वर आलेला, दोघे सारखेच समाधानी म्हणायचे का?

आमच्या सौ.चे गुण कसे लागले ते सांगतो. ही प्रश्नावली रुग्णानं स्वतः भरायची असते. इथे रुग्णालयातून फोन आला, ही मेथी निवडत होती. “माताजी, दर्द तो अब नहीं है ना?” या ‘ना’पुढे कोण काय बोलणार? “हाँ बेटा, ठीक है.” रात्रीच्या दुखण्याला ही “थोड़ा” म्हणाली. तिथे किती रात्री दुखतं हे विचारायचं असतं, किती दुखतं हे नव्हे. फोनवरच्या पोरीनं “मतलब कभी-कभी” म्हणून टाकलं. रात्री उठून गरम पाण्याची पिशवी भरणाऱ्याला कोणी विचारलं नाही. एकटीनं बाजारहाट जमतो का, याला पूर्ण चार गुण! भाजीवाला दारात येतो, किराणा मुलगा आणतो. मी रागावलो तर म्हणते, “अहो, तिची नोकरी आहे, तिला कशाला रडगाणं ऐकवायचं?”

त्या १२ प्रश्नांत गुडघे टेकण्याचा आहे, मांडी घालून बसण्याचा नाही. महालक्ष्म्यांना ही खुर्चीवर बसून हळदकुंकू वाहते. डॉक्टरांनी तसं आधीच बजावलं होतं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘अत्यंत समाधानी’ हे तिच्या नावावर कोणी खपवलं? आणि ज्यांनी फोन उचललाच नाही, ते कोणत्या रकान्यात गेले? आपल्या बातमीदारानं एवढं तरी विचारायचं.

ता.क. रामबागेतल्या व्याख्यानाची सूचना आपण पुन्हा व्याख्यान झाल्यावर छापलीत. यापुढे निदान वक्ता काय बोलला तेही छापा.

एक जुना वाचक, इंदूर
(नाव छापू नये, सौ. रोज पेपर वाचते.)